बाल-नियतकालिकांतील वार्ता आणि वाचनपाठ

चौथीतील मूल पाठ्यपुस्तकातील उतारा न अडखळता वाचते. परंतु ‘हे कोठे घडले?’ असे विचारताच गोंधळते. असा अनुभव पुष्कळ शाळांतून येतो. परिचयाचा धडा अनेकदा कानांवरून गेलेला असतो. तेथे डोळ्यांपेक्षा स्मरणशक्तीच अधिक काम करते. वार्ता मात्र प्रथमच समोर येते व अर्थ लावल्याखेरीज हाती लागत नाही. म्हणून आकलनासह वाचन शिकविण्यास वार्ता हे उत्तम साधन होय.

मराठीत अशा साहित्याची वाण नाही. वा. गो. आपटे यांनी १९०६ साली मुलांसाठी ‘आनंद’ मासिक सुरू केले. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ पासून निघू लागले. त्याचे जुने अंक आता संगणकावरही वाचावयास मिळतात. दैनिकांच्या बालपुरवण्यांतील कात्रणेही उपयोगी पडतात. मात्र ‘फाटतील’ या धास्तीने अंक कपाटात ठेवले जाऊ नयेत. हाताळून फाटलेला अंक आपले काम करून गेलेला असतो.

पाठाची मांडणी

आठवड्यातून एक तासिका व एकच वार्ता पुरे. अंकाची प्रत एकच असल्यास वार्ता आठ-दहा सोप्या वाक्यांत फलकावर लिहावी. मुलांनी ती प्रथम मनात वाचावी. नंतर पाच प्रश्न विचारावेत : काय घडले? कोठे? केव्हा? कोणी केले? हे आपणांस कसे कळले? प्रत्येक उत्तरासाठी मुलाने फलकावरील नेमक्या शब्दांवर बोट ठेवावे.

उदाहरणार्थ, चांद्रयान-३ ची वार्ता घ्यावी. हे यान १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी त्याचा ‘विक्रम’ हा भाग चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला. मुलांनी नकाशात आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर श्रीहरिकोटा शोधावे. दिनदर्शिकेवर दिवस मोजून प्रवास ४० दिवसांचा झाला हे स्वतः काढावे. पृथ्वीपासून चंद्र सरासरी सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने अखंड धावणाऱ्या एस.टी.ला तेवढे अंतर कापण्यास किती दिवस लागतील, हे पाचवीच्या मुलांनी करून पाहावे. उत्तर ४०० दिवस असे येते. भाषा, भूगोल व गणित असे तिन्ही विषय एका वार्तेत साधतात.

द्विशिक्षकी शाळेत हाच फलक सर्व इयत्तांना उपयोगी पडतो. पहिली-दुसरीच्या मुलांनी त्यातील ओळखीची अक्षरे व शब्द शोधावेत, तिसरी-चौथीच्या मुलांनी प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

तारीख पाहण्याची सवय

जुना अंक वाचताना त्यावरील महिना व वर्ष आधी वाचून घ्यावे. २००६ पूर्वीच्या अंकात सूर्यमालेतील ग्रह नऊ असल्याचे आढळेल. त्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने प्लूटोची गणना बटुग्रहांत केली. तेव्हापासून ग्रह आठ मानले जातात. असा अंक बाजूस न सारता मुद्दाम वर्गात आणावा. छापलेली माहितीही नव्या शोधाने बदलते, हे मुलांना त्यातून समजते.

या सवयीचे महत्त्व आज विशेष आहे. भ्रमणध्वनीवरून घरोघरी नाना प्रकारचे संदेश येतात. त्यांत अफवा असतात, भोंदू औषधांच्या जाहिराती असतात, वर्षांपूर्वीची छायाचित्रे ‘कालची’ म्हणून फिरतात. घरात वाचता येणारे पहिले माणूस पुष्कळदा शाळेत जाणारे मूलच असते, व तो संदेश त्याच्याकडूनच वाचून घेतला जातो. त्या वेळी ‘हे कोठले? केव्हाचे? कोणी सांगितले?’ असे त्याने विचारले, तर साऱ्या कुटुंबाचे हित होईल.

भित्तिपत्रक

महिन्याच्या अखेरीस मुलांनी गावची वार्ता स्वतः लिहावी. विहिरीचे पाणी किती हात खाली गेले, बाजारात कांद्याचा भाव काय होता, शाळेत नवे कोण आले, असे विषय घ्यावेत. प्रत्येक वार्तेखाली तारीख, लिहिणाऱ्याचे नाव आणि ‘पाहिले’ अथवा ‘ऐकले’ यांपैकी योग्य तो शब्द असावा. ती गावकऱ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लावावी. लिहिलेले वाक्य दुसरा कोणी वाचणार आहे, हे कळले म्हणजे मूल शुद्धलेखनाकडे आपण होऊन लक्ष देते.

या उपक्रमास निराळा खर्च लागत नाही. शिक्षकबंधुभगिनींनी येत्या आठवड्यात एका कात्रणाने आरंभ करावा.