अपघातानंतरचे कर्तव्य आणि विम्याचा हक्क

जुन्या हुबळीतून दक्षिणेस निघाले म्हणजे गब्बूरपाशी पुणे–बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता लागतो. हुबळी व धारवाड ही जोडशहरे बाजूस ठेवून तो धारवाडपलीकडे नरेंद्र गावाजवळ मुख्य रस्त्यास मिळतो. दोन्ही टोकांना रस्ता चौपदरी आणि मधले सुमारे ३० किलोमीटर मात्र दुपदरी, अशी त्याची स्थिती अनेक वर्षे होती. त्यामुळे भरधाव वाहने येथे एकाएकी समोरासमोर येत. १५ जानेवारी २०२१ रोजी इटिगट्टीजवळ गोव्याच्या सहलीस निघालेल्या दावणगेरे येथील मैत्रिणींची गाडी टिपरवर आदळली व दहाहून अधिक जणांचा अंत झाला. मे २०२२ मध्ये तारिहाळजवळ कोल्हापूरहून बंगळुरास जाणारी बस मध्यरात्रीनंतर मालमोटारीवर आदळली. तीतही किमान सात जण दगावले.

अशा बातम्या वाचून आपण हळहळतो. परंतु मागे राहिलेल्या कुटुंबाचे पुढे काय होते? मिळवता हात गेला, तर मुलांच्या शिक्षणाचे काय? या प्रश्नाचा विचार कायद्याने केला आहे. त्याची माहिती विद्यार्थ्यांस असणे अगत्याचे आहे. कारण पुष्कळ घरांत कागद वाचून दाखविणारा तोच असतो.

विमा हा मूळ दोन पक्षांचा करार. गाडीचा मालक हप्ता भरतो व कंपनी जोखीम पत्करते. रस्त्यावरचा पादचारी या करारात नसतो. तो तिसरा, म्हणून त्यास ‘त्रयस्थ’ म्हणतात. मालकाची ऐपत नसली तर जखमी त्रयस्थाने कोणाकडे पाहावे? म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाचा विमा सक्तीचा ठरविला व १९४६ पासून ती सक्ती अमलात आली. आज १९८८ चा कायदा लागू असून २०१९ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या.

अपघात घडताच पहिले कर्तव्य जखमींस वाचविण्याचे. ११२ या क्रमांकावर पोलिसांस व १०८ वर रुग्णवाहिकेस बोलवावे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे. तेव्हा चौकशीच्या भीतीने कोणी पाठ फिरवू नये. नंतर दोन्ही वाहनांचे क्रमांक टिपावेत, छायाचित्रे घ्यावीत व साक्षीदारांची नावे लिहून ठेवावीत. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, औषधोपचाराच्या पावत्या व मिळकतीचा पुरावा ही कागदपत्रे जपून ठेवावीत. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. आपल्याच गाडीची मोडतोड झाली असेल, तर विमा कंपनीस ताबडतोब कळवावे व तिच्या पाहणी अधिकाऱ्याने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये.

भरपाईचे मुख्य मार्ग दोन. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ प्रमाणे मात्र समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवून प्रत्यक्ष हानीइतकी भरपाई मागता येते. हा अर्ज अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. कोल्हापूरच्या कुटुंबास त्यासाठी हुबळीस हेलपाटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या सुधारणेने या अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून विलंब करू नये.

या दोन मार्गांतील अंतर एका हिशेबाने पाहू. समजा, ३८ वर्षांचा एक दुकानदार अपघातात वारला. त्याची सिद्ध मिळकत दरमहा २०,००० रुपये आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे चार. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निकालांत घालून दिलेल्या रीतीने भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की २८,००० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २१,००० उरतात. वर्षाचे झाले २,५२,०००. या वयाचा गुणक १५. म्हणून एकूण ३७,८०,००० रुपये. अंत्यसंस्कार इत्यादींच्या रकमा निराळ्या.

आता पाहा. कंपनीने देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली, म्हणजे कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. दुःखाच्या भरात, कोणी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली, तर पाच लाखांपायी मुलांच्या हक्काचे बत्तीस लाखांहून अधिक रुपये गमवावे लागतील. तसेच मिळकतीचा पुरावा नसेल, तर न्यायाधिकरण अंदाजाने मिळकत धरते व ती बहुधा कमी भरते. दुकानाची वही नीट लिहिणे हेही, या दृष्टीने, कुटुंबाचे रक्षणच होय.

ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात.

गेलेला जीव पैशाने परत येत नाही, हे खरे. परंतु मागे राहिलेल्यांची चूल पेटती राहावी आणि मुलांची शाळा सुटू नये, एवढे त्याने साधते. तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर गाडीचे विमापत्र बाहेर काढा, त्याची मुदत संपली नाही ना हे वडीलधाऱ्यांसह पाहा, आणि कोणताही कागद वाचल्यावाचून त्यावर सही न करण्याचा नियम घरात घालून द्या.