आरोग्याचा पाठ : कापडातला थर्मामीटर आणि आपली तपासणी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले आणि सचिवताईंनी मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ आला होता, ‘कॅन्सर ओळखणारी ब्रा’. सगळ्या आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक ताई म्हणाल्या, “मॅडम, ही कुठं मिळते? गटाच्या पैशातून एक घेऊ, आळीपाळीनं घालून बघू.”

हसण्याच्या आड काळजी होती, हे तेव्हा कळलं. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, विचारून घेतलं. तेच आज तुमच्यासमोर मांडते.

हे कापड म्हणजे काय?

ताप बघायला आपण काखेत थर्मामीटर लावतो. तसंच काम करणारे बारीक तुकडे कापडात शिवता येतात. त्यांना सेन्सर म्हणतात. कोणता सेन्सर अंगाची ऊब टिपतो, कोणता हृदयाचे ठोके, कोणता श्वास. चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यातून वीज जाते, म्हणून काही कपड्यांत तारेऐवजी असा धागाच विणतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत १९९० नंतरच्या दशकात सुंदरेसन जयरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांसाठी असा सदरा बनवला होता. गोळी कुठं लागली आणि ठोके कसे चालू आहेत, हे तो दुरून कळवू शकत होता.

व्हिडिओतली ब्रा खरी आहे का?

अशी ब्रा खरंच बनली आहे, आणि ती एका बाईनं बनवली आहे. केरळात त्रिशूरला सी-मेट ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञ डॉ. ए. सीमा यांनी ही ब्रा तयार केली. त्यासाठी त्यांना २०१८ सालचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

यामागची गोष्ट साधी आहे. कॅन्सरची गाठ वाढते तेव्हा तिला जास्त रक्त लागतं, म्हणून तिथं नवीन रक्तवाहिन्या तयार होतात. त्यामुळे वरची कातडी आजूबाजूपेक्षा थोडी गरम असू शकते. हाताला न जाणवणारा हा फरक सेन्सर टिपतात आणि जोडलेलं यंत्र दोन्ही बाजूंची ऊब ताडून बघतं. यात सुई नाही, एक्स-रे नाही, आणि अंगावरचे सगळे कपडे काढून बसायची वेळही येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी बाया या एका कारणासाठी तपासणी टाळतात.

मग अडचण काय?

ऊब म्हणजे कॅन्सर नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साठून सूज आली, कुठं पू झाला, तरी ऊब वाढते. उलट, खोलवरची किंवा अगदी लहान गाठ ऊब दाखवेलच असं नाही. नुसत्या उष्णतेच्या तपासणीवर विसंबून मॅमोग्राफी टाळू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१९ मध्ये दिला होता.

चुलीत जाळ आहे का ते भांड्याला हात लावून कळतं, पण आत काय शिजतंय ते झाकण काढल्याशिवाय कळत नाही. इथंही तसंच. खात्री करायची तर डॉक्टरांची तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज पडली तर गाठीतला बारीक तुकडा काढून बायोप्सी. म्हणून कुणी गावात येऊन ‘कॅन्सर ओळखणारा कपडा’ विकू लागलं, तर गटाचा पैसा घालू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा.

आज आपल्या हातात काय आहे?

मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. वस्त्यांमधल्या दीड लाखावर बाया त्यात होत्या. त्यातल्या निम्म्या बायांची छाती प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासली, अशा चार फेऱ्या झाल्या. २० वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये आला. तपासणी झालेल्या बायांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये तर या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मृत्यूंत तेवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण बघा, यंत्र नव्हतं. शिकवलेले हात होते.

अशी तपासणी तिशीनंतरच्या बायांसाठी सरकारी कार्यक्रमात आहे, तीही मोफत. आशाताई घरी येऊन जो सी-बॅक फॉर्म भरते, त्यात छातीत गाठ आहे का, बोंडीतून रक्त येतं का, आकार बदलला का, हे विचारलेलं असतं. आता खरं सांगा, तेव्हा तुम्ही काय उत्तर देता? ओसरीवर सासरे बसलेले, दारात पोरगा उभा. आपण प्रश्न पुरता न ऐकताच “नाही, नाही” म्हणून मोकळ्या होतो.

माझ्या मावशीनंही तसंच म्हटलं होतं. गाठ होती, पण दुखत नव्हती. “दुखत नाही तर कशाला सांगायचं?” म्हणून तिनं आठ महिने काढले. मावशी आज आमच्यात आहे, पण ऑपरेशन मोठं झालं आणि उपचार लांबले. म्हणून हे वाक्य पक्कं लक्षात ठेवा : न दुखणारी गाठही दाखवायची.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- छातीत किंवा काखेत गाठ
- कातडीला खळगा पडणं, किंवा संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत होणं
- बोंडी नव्यानं आत ओढली जाणं, रक्त किंवा पाणी येणं
- एका बाजूचा आकार अचानक बदलणं

महिन्यातून एकदा, पाळी झाल्यावर आंघोळीच्या वेळी स्वतःकडे नीट बघा. आपलं नेहमीचं अंग कसं आहे हे माहीत असलं, की बदल लवकर कळतो. आणि घाबरू नका, बऱ्याचशा गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते आपण घरी बसून ठरवायचं नाही. उपचार निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात तिशीच्या पुढच्या किती जणी आहेत? त्यातल्या किती जणींची ही तपासणी झाली आहे?
२. आशाताईंनी हे प्रश्न घरात न विचारता गटाच्या बैठकीत, फक्त बायांमध्ये विचारले तर चालेल का?
३. उपकेंद्रात सिस्टर कोणत्या दिवशी असतात? त्या दिवशी चार-चार जणी मिळून जाऊ शकतील का?

जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा, तारखेसकट. त्या व्हिडिओवाल्या गटानं लिहिलं आहे. येत्या मंगळवारी पहिल्या चार जणी उपकेंद्रात जाणार आहेत, आणि ब्रा कुठं मिळते विचारणाऱ्या ताई त्यांत सगळ्यात पुढे आहेत. मीही सोबत जाणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक