पॅकेज घेण्याआधी

मुलगा पुण्याहून मोबाईलवर आईवडिलांसाठी 'फुल बॉडी' पॅकेज बुक करतो. सकाळी रक्त न्यायला माणूस घरी येतो. काळजीपोटीच करतो तो. पण '७५ तपासण्या' हा आकडा नीट वाचावा, असे आम्ही सांगतो. एका सीबीसीतच हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट धरून वीसेक नोंदी असतात, आणि प्रत्येक नोंद वेगळी तपासणी म्हणून मोजली जाते.

साठीनंतर गरज असते ती उपाशीपोटीची साखर, मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनीन आणि लघवी, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन यांची. बीपी, मोतीबिंदू आणि तंबाखू-मिश्रीने तोंडात पडलेला चट्टा तर रक्ताच्या बाटलीत दिसतच नाही. मग लक्षण नसताना कॅन्सरचे 'मार्कर' कशाला? आकडा जरा वाढलेला निघाला की घरभर घबराट, आणि पुढचा खर्च वेगळा.

आधी मनमाडच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी आपले वैद्यकीय कार्ड वापरावे. ते ट्रंकेत ठेवायला दिलेले नाही. सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान कार्ड मात्र दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारासाठी आहे, अशा पॅकेजसाठी नाही.

पॅकेज घ्यायचेच, तर रिपोर्ट कोण समजावून सांगणार ते आधी ठरवा. आणि रक्त द्यायच्या सकाळी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचे, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी घेतले तर चक्कर येते.