सोडा नको, चकणाही नको

प्रश्न : मुलाकडे नॅशव्हिलला जातोय. तो 'कॉर्सेअर' डिस्टिलरीत व्हिस्की चाखायला नेणार आहे. मला फक्त सोडा-बर्फ माहीत. तिथे काय करू?

उत्तर : सोडा, बर्फ आणि त्या दिवशीचा तिखट चिवडा, तिन्ही टाळा. जीभ कोरी हवी. ग्लास नाकाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकाला कमी झोंबतं. पहिला घोट फक्त जीभ ओली करण्यापुरता; चव कळते ती दुसऱ्यात. मग दोन थेंब साधं पाणी घालून पुन्हा हुंगा. वास बदललेला असतो.

त्यांची 'ट्रिपल स्मोक' जरूर मागा. तिची मोड आणलेली बार्ली तीन वाट्यांत, चेरीचं लाकूड, बीचचं लाकूड आणि पीट (दलदलीतली जळाऊ माती) यांच्या धुरावर वेगवेगळी धुरवतात. हुरड्याची आगटी आठवेल, पण पीटचा औषधी दर्प वेगळाच. किन्वाची व्हिस्कीही त्यांनी केली आहे. मिळाली तर चाखा, बाटली घ्यायची घाई नको. पिंपात न मुरवलेला कोरा अर्क मिळाला तर आधी तोच घ्या, म्हणजे पिंपाच्या लाकडाने काय दिलं ते कळतं.

आवडलं नाही तर तसं सांगा. प्रयोग करणाऱ्याला ते ऐकायचं असतं. मुलगाही चाखणार असेल, तर परतताना टॅक्सी करा.