आधी चढ मोज

चि. बाळ यास,


पाचगणीच्या रिसॉर्टवरच्या गोल्फ कार्ट आता तुझ्या ताब्यात आल्या, हे वाचून फार आनंद झाला. सहा सीटांच्या जुन्या गाड्या दुपारनंतर चढ चढेनाशा होतात, तर बॅटऱ्या कुठल्या घ्याव्यात, असं तू विचारलं आहेस. माझं सांगणं एकच : दुकानात जाण्याआधी रस्ता मोज. मोटर आणि बॅटरी ठरते ती रस्त्यावरून.

हिशेब असा. माणसांसकट गाडी 900 किलोची आणि वेग ताशी 12 किलोमीटर धर. सपाटीवर 48 व्होल्टच्या गाडीला 11 अँपिअरच्या आसपास पुरतात. तीच गाडी त्याच वेगाने शंभर मीटरला दहा मीटर चढू लागली, की 85 ते 90 अँपिअर ओढते. जवळजवळ आठपट! मैदानासाठी बनलेली गाडी घाटात दमते ती यामुळेच.

तुमच्या जुन्या गाड्यांत सीरीज मोटर असणार. सुटताना तिचा जोर दांडगा, पण उतारावर ती गाडीला आवरत नाही. सगळा भार ब्रेकवर पडतो, शिवाय कार्बन ब्रश झिजतात. डोंगरासाठी एसी इंडक्शन मोटर बरी. तिला ब्रश नाहीत, आणि उतारावर ती वेग आवरून थोडी वीज बॅटरीत परत घालते. मात्र तिच्यासोबत कंट्रोलरही बदलावा लागतो, तो खर्च आधीच धर. आणि सीरीज मोटर उतरवून तपासताना भाराशिवाय पूर्ण व्होल्टेजवर कधीही फिरवू नकोस. तिचा वेग हाताबाहेर जातो, आर्मेचर फुटतं.

आता बॅटरी. लेबलावरच्या अँपिअर-अवरला भुलू नकोस, त्यातले वापरता येतात किती ते बघ. आठ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, 170 अँपिअर-अवरच्या, म्हणजे आठ युनिट वीज; पण आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. लिथियम आयर्न फॉस्फेटचा 51 व्होल्ट, 105 अँपिअर-अवरचा पॅक साडेपाच युनिटांच्या आतलाच, तरी त्यातली ऐंशी टक्के बिनधास्त वापरता येते. काम सारखंच, आणि गाडीचं शंभर किलोहून जास्त वजन उतरतं. चढावर त्याची किंमत कळते. फक्त त्या पॅकचा बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चढाचा करंट सलग देतो का, ते लेखी घे आणि चार्जर लिथियमचाच घे.

लेड-ॲसिडच घ्यायच्या ठरल्या, तर डीप-सायकलच घे. मोटारीच्या स्टार्टरची बॅटरी पातळ प्लेटांची असते, रोजच्या खोल डिस्चार्जला ती टिकत नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर टाक. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही प्लेटा बुडतील एवढंच. चार्जिंगच्या खोलीत वारा खेळता हवा. निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला, तरी ठिणगीने पेटतो.

सगळा संच बाद ठरवण्याआधी भरली गाडी चढावर ने आणि चालू भारावर एकेका बॅटरीचं व्होल्टेज बघ. पाच बॅटऱ्या 7.8 दाखवतात आणि सहावी 6.9, तर चोर सापडला. संच जुना असेल तर मात्र एकच नवी घालू नकोस. जुन्या पाचजणी तिलाही आपल्या पंगतीला बसवतात.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घे, सर्वांत कडक चढावर करंट मोज आणि दिवसभरातल्या फेऱ्या लिहून काढ. ते आकडे हाती येईपर्यंत विक्रेत्याला होकार देऊ नकोस. त्या गाड्यांतून म्हातारी माणसं आणि लेकरं बसतात. त्यांना भर चढावर अडकू न देणं ही आता तुझी जबाबदारी. आकडे आले की कळव, मग दोघं मिळून ठरवू.

तुझा,
मामा