घरच्या दुरुस्तीसाठी स्कॅनर निवडताना

चारचाकीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागून राहिला की घरच्या घरी दुरुस्ती करणारा माणूस बहुधा पहिल्यांदा स्कॅनर घेण्याचा विचार करतो, आणि त्याच घाईत त्याची निवड चुकते. त्या वेळी त्याला दिवा घालवायचा असतो. स्कॅनर मात्र तो दिवा का लागला याविषयी गाडीच्या संगणकाने टिपून ठेवलेली माहिती वाचण्याचे साधन आहे. स्वस्तात घेतलेला स्कॅनर पुढे महाग पडतो तो या गल्लतीमुळे. यंत्राने बिघाडाचा कोड दाखवला, कोडच्या वर्णनावरून जो सुटा भाग सुचला तो बदलला, कोड पुसला आणि थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला, असा अनुभव या छंदातील फार जणांच्या वाट्याला येतो. म्हणून स्कॅनर किती हजार कोड ओळखतो यापेक्षा चालत्या इंजिनची कोणती माहिती तो किती भरवशाने दाखवतो, हे आधी पाहणे योग्य ठरते.

इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील ईसीएम, धुरातील प्रदूषण वाढवू शकेल असा बिघाड स्वतःच ओळखतो आणि नोंदवतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून तिचे दुसरे, प्रमाणित रूप सक्तीचे झाले. भारतात भारत स्टेज-४ मानकांबरोबर एप्रिल २०१०मध्ये पहिला आणि एप्रिल २०१३मध्ये दुसरा टप्पा आला. मात्र ही मानके २०१०मध्ये केवळ निवडक १३ शहरांत लागू झाली होती, ज्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होते, आणि देशभर ती एप्रिल २०१७मध्येच पोहोचली. त्यामुळे नोंदणीचे वर्ष तेवढे पाहून गाडी सर्वसाधारण स्कॅनरला उत्तर देईल असे गृहीत धरता येत नाही. काही जुन्या गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट दिसते, पण त्यामागे कंपनीची स्वतःची संदेशपद्धती असते, आणि मग सॉकेटमध्ये नीट बसणारा स्कॅनर त्या गाडीपुरता निरुपयोगी ठरतो.

खरेदीपूर्वी टॉर्च घेऊन हे सॉकेट पाहावे. सहाव्या आणि चौदाव्या जागी धातूच्या पिना असतील तर गाडीत बहुधा कॅन ही वेगवान संदेशपद्धती आहे. त्या जागा रिकाम्या असून सातव्या जागी पिन असेल तर जुनी, एका तारेवरून चालणारी के-लाइन असण्याचा संभव अधिक. मोबाइलशी जोडायच्या स्वस्त अडॅप्टरपैकी काहींत के-लाइनसाठी लागणारी जुळणी धड नसते, आणि तसा अडॅप्टर शेजाऱ्याच्या नव्या गाडीत उत्तम चालला तरी आपल्या जुन्या गाडीत जोडणीच होत नाही.

मोबाइलशी ब्लूटूथने जोडले जाणारे छोटे अडॅप्टर सर्वांत स्वस्त असतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर ईएलएम३२७ असे छापलेले असते. मूळ ईएलएम३२७ ही गाडीचे संदेश संगणकाला समजतील अशा रूपात देणारी चिप कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सने घडवली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीची नक्कल झाली आणि बाजारात आज जे मिळते ते जवळजवळ सगळे त्या नकलेचे वंशज आहे. वेष्टनावरील आवृत्तीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, १.५ ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, तरी ती सर्रास विकली जाते. सगळ्या नकला टाकाऊ असतात असे नाही, आणि कधीतरी एखादा कोड वाचण्यापुरत्या त्या पुरतातही. धोका असतो तो अपुऱ्या उत्तरांचा, कारण लांब संदेश अर्धवट पोहोचतात, आकडे अडखळत बदलतात, आणि संपर्क तुटलेला असतानाही काही ॲपच्या पडद्यावर कोड नसल्याचे दिसून गाडी ठीक असल्याचा समज होतो. आयफोन वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचे साधे अडॅप्टर आयफोनशी जुळत नाहीत. त्यांना वायफायचा किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा अडॅप्टर लागतो.

कोड म्हणजे निदान नव्हे, आणि स्कॅनरची खरी किंमत येथेच कळते. समजा, पी०१७१ हा कोड आला. त्याचा अर्थ इतकाच, की सिलिंडरांच्या पहिल्या गटात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, म्हणजे मिश्रण पातळ आहे. मिश्रणाची खबर एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून पुष्कळ जण तोच सेन्सर बदलून मोकळे होतात, वास्तविक तो बिचारा आपले काम चोख करत असतो. अशा वेळी चालू इंजिनचे आकडे, म्हणजे लाइव्ह डेटा, दाखवणारा स्कॅनर हवा, आणि त्यात फ्युएल ट्रिम पाहावे. मिश्रण योग्य राखण्यासाठी संगणक मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो, ते हा आकडा सांगतो. तात्कालिक आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंतेचे कारण नसते. ही बेरीज गाडी उभी असताना, आयडलवर, अधिक २५पर्यंत गेली आणि इंजिन २,५०० फेऱ्यांवर धरल्यावर अधिक ५वर उतरली, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कोठेतरी, बहुधा चिरलेल्या रबरी नळीतून, न मोजलेली हवा आत शिरते आहे. ती गळती आयडलवर हवेचा मोठा वाटा असते आणि फेऱ्या वाढल्या की नगण्य होते. उलट आयडलवर ठीक असलेली बेरीज चढावर, भार पडल्यावर वाढत गेली तर इंधन पुरेसे पोहोचत नाही असा संशय घ्यावा आणि पंप किंवा इंधनाचा फिल्टर तपासावा. एक खबरदारी मात्र हवी. हा ताळा हवेचे वस्तुमान थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांना लागू पडतो. अनेक लहान गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, तेथे गळतीची हवाही हिशेबात धरली जाते आणि खूण ट्रिममध्ये न उमटता आयडलच्या वाढलेल्या फेऱ्यांत दिसते.

असा ताळा ज्या यंत्रावर जमत नाही ते, त्याची कोडची यादी कितीही लांब असो, घरच्या दुरुस्तीला फारसे उपयोगी नाही. एका वेळी चार-पाच आकडे एकत्र आणि शक्यतो आलेखाच्या रूपात दाखवणारा, त्यांची नोंद साठवणारा स्कॅनर घ्यावा. गाडी चालवून चाचणी करताना आकडे शेजारी बसलेल्या माणसाने वाचावेत.

कोड पुसण्याचे बटण प्रत्येक यंत्रात असते आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. दिवा लागण्यास कारण ठरलेल्या बिघाडाच्या क्षणी इंजिन किती तापलेले होते, फेऱ्या, वेग आणि भार किती होता, याचे एक चित्र संगणक जपून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तेही पुसले जाते, आणि स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्याच्या संगणकाच्या खुणाही कोऱ्या होतात. त्या पुन्हा भरायला थंड इंजिन सुरू करण्यापासून महामार्गावरील स्थिर वेगापर्यंत वेगवेगळ्या परिस्थितींत गाडी चालवावी लागते. म्हणून आधी फ्रीझ फ्रेम उतरवून घ्यावी, दुरुस्ती करावी आणि मगच पुसावे. दिवा लुकलुकत असेल तर हे सारे बाजूला ठेवून गाडी थांबवावी; कारण ते बहुधा ठिणगी चुकत असल्याचे आणि न जळालेल्या इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापत असल्याचे लक्षण असते.

एबीएस, एअरबॅग, डिझेल गाडीच्या काजळीच्या फिल्टरची सक्तीची सफाई किंवा नव्या इंजेक्टरचे कोडिंग या गोष्टी प्रमाणित ओबीडीच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांसाठी त्या कंपनीच्या गाड्यांना साथ देणारा आणि गाडीला आज्ञाही देऊ शकणारा, दुतर्फा नियंत्रणाचा स्कॅनर लागतो, जो पुष्कळ महाग असतो. एक-दोन गाड्या सांभाळणाऱ्याला वर्षातून क्वचित लागणाऱ्या कामासाठी तो घेणे परवडत नाही. तेवढे काम गॅरेजला द्यावे आणि जाताना फ्रीझ फ्रेम व ट्रिमचे लिहून ठेवलेले आकडे बरोबर न्यावेत, म्हणजे मेकॅनिकची तपासणी शून्यापासून सुरू होत नाही.

यंत्र हाती आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी ते आपल्याच गाडीवर पारखावे. गाडीचा चेसिस क्रमांक ते पूर्ण वाचते का, हे प्रथम पाहावे, कारण तो लांब संदेशातून येतो आणि कच्च्या नकला तेथे अडखळतात. मात्र काही जुन्या गाड्या हा क्रमांक मुळातच देत नाहीत. त्यानंतर थंड इंजिनच्या पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसते का आणि ॲक्सिलरेटर दाबताच फेऱ्यांचा आकडा लगेच हलतो का, ते तपासावे. सॉकेटच्या सोळाव्या पिनेत किल्ली काढल्यावरही बॅटरीचा प्रवाह असतो. गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवावा.