गृहविमा आणि प्राणी-कीटकांमुळे होणारे नुकसान

सर्वसामान्य कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचा मोठा भाग घराच्या रूपाने साकार होतो. या घराला आग, पूर आणि भूकंप यांप्रमाणेच आणखी एक धोका असतो. तो आवाज न करता येतो. वाळवी दाराच्या चौकटी पोखरते, उंदीर विजेच्या तारा कुरतडतात, पाळलेले कुत्रे घरातील सामानाची नासधूस करते आणि वनालगतच्या खेड्यात हत्ती घराची भिंत पाडून जातो. या चारही प्रसंगांत नुकसान प्राण्यामुळे किंवा कीटकामुळे होते. मात्र विम्याच्या दृष्टीने त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती वेगवेगळी का आहेत, हे समजले तर विमाशास्त्राची बहुतेक मूलतत्त्वे समजतात. स्पर्धा परीक्षांच्या अर्थशास्त्र व वित्तीय समावेशन या घटकांचा अभ्यास करणाऱ्यांना म्हणूनच हा विषय उपयुक्त ठरेल.

विमायोग्य जोखीम

प्रत्येक नुकसान विमायोग्य नसते. नुकसान आकस्मिक असावे, ते विमाधारकाच्या हेतुपूर्वक कृतीतून घडलेले नसावे, ते केव्हा व कोठे झाले हे निश्चित करता यावे आणि त्याचे मोल पैशांत ठरविता यावे, या विमायोग्य जोखमीच्या प्रमुख कसोट्या आहेत. विमा हा अनिश्चिततेचा करार आहे. जे घडणारच आहे, उदाहरणार्थ वापरामुळे होणारी झीज, त्याचा खर्च देखभालीतून भागवावयाचा असतो, विम्यातून नव्हे.

दुसरी अडचण नैतिक जोखमीची आहे. भरपाई मिळणारच असेल तर मनुष्य काळजी घेण्यात हयगय करतो. वाळवीमुळे होणाऱ्या नुकसानीची पूर्ण भरपाई मिळू लागली, तर वाळवी प्रतिबंधक फवारणीवर खर्च करण्याचे कारणच उरणार नाही. तिसरी अडचण प्रतिकूल निवडीची. ज्यांच्या घरात वाळवी शिरली आहे, तेच असा विमा घेण्यास पुढे येतील; त्यामुळे हप्ता वाढेल आणि सुरक्षित घरांचे मालक विम्यापासून दूर राहतील.

भारतातील गृहविम्याची चौकट

भारतात घरांचा विमा दीर्घकाळ ‘प्रमाणित अग्नी व विशेष आपत्ती’ विमापत्राखाली उतरविला जात असे. २००१ च्या अखिल भारतीय अग्निविमा दरपत्रकाने त्याची शब्दयोजना निश्चित केली होती. १ जानेवारी २००७ पासून विम्याचे दर नियंत्रणमुक्त झाले. पुढे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२१ पासून अग्निविमा व्यवसाय करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ हे प्रमाणित विमापत्र उपलब्ध करून देणे बंधनकारक झाले.

या विमापत्रात आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, चक्रीवादळ, पूर, भूस्खलन, दंगल, दहशतवादी कृत्ये, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा भरून वाहणे, बाह्य वस्तूचा आघात इत्यादी आपत्तींचा समावेश आहे. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सामान्य सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. इमारतीचा विमा ३० लाख रुपयांचा असेल तर सामानाचे संरक्षण ६ लाखांचे होते; इमारतीचा विमा ६० लाखांचा असेल तर ते १२ लाखांचे न होता १० लाखांवर थांबते.

येथे एक महत्त्वाची बाब लक्षात घ्यावी. हे ‘नामनिर्दिष्ट आपत्तीं’चे विमापत्र आहे. यादीत असलेल्या कारणाने नुकसान झाले तरच भरपाई मिळते. वाळवी, उंदीर, झुरळे किंवा घरच्या कुत्र्याची नासधूस ही कारणे या यादीत नाहीत. म्हणून ती वेगळी वगळली नसली तरी संरक्षणाबाहेर राहतात. याउलट दागिने किंवा मौल्यवान वस्तूंसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘सर्व जोखीम’ प्रकारच्या संरक्षणात कोणतेही आकस्मिक नुकसान गृहीत धरलेले असते. तेथे झीज, कसर, बुरशी आणि उपद्रवी प्राणी यांमुळे होणारी हानी अपवादांच्या यादीत सामान्यतः स्पष्टपणे लिहिलेली असते. दोन्ही मार्गांनी निष्कर्ष एकच निघतो.

निकटतम कारणाचे तत्त्व

मग उंदराशी संबंधित प्रत्येक दावा फेटाळला जातो काय? तसे नाही. येथे ‘निकटतम कारण’ हे तत्त्व लागू होते. निकटतम कारण म्हणजे काळाच्या दृष्टीने सर्वांत शेवटचे कारण नव्हे, तर परिणाम घडविण्यात सर्वांत प्रभावी ठरलेले कारण.

या तत्त्वाच्या चर्चेत १८८७ चा हॅमिल्टन, फ्रेझर आणि कंपनी विरुद्ध पँडॉर्फ आणि कंपनी हा खटला प्रसिद्ध आहे. जहाजावरील एक नळ उंदरांनी कुरतडला, त्यातून समुद्राचे पाणी आत शिरले आणि तांदूळ खराब झाला. वाहतूक करारातील ‘समुद्रावरील धोके व अपघात’ या शब्दांत ही हानी बसते काय, असा प्रश्न होता. ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती बसते असा निर्णय दिला. तांदूळ उंदरांनी खाल्ला नव्हता. तो आकस्मिकपणे आत आलेल्या समुद्राच्या पाण्याने नासला होता.

भारताच्या सागरी विमा अधिनियम, १९६३ मधील कलम ५५ या निर्णयासोबत वाचावे. विमापत्रात अन्यथा तरतूद नसेल तर सामान्य झीज, वस्तूचा अंगभूत दोष आणि उंदीर वा उपद्रवी प्राणी हे ज्याचे निकटतम कारण आहे अशी हानी यांसाठी विमा कंपनी जबाबदार नसते, असे हे कलम सांगते. उंदरांनी थेट केलेली हानी आणि उंदरांच्या कृतीतून उद्भवलेल्या विमित आपत्तीची हानी यांतील भेद या दोन उदाहरणांतून स्पष्ट होतो.

हाच विचार घराला लावून पाहू. उंदराने तार कुरतडली, शॉर्ट सर्किट झाले, धुलाई यंत्र जळाले आणि आग पसरून खोलीतील फर्निचर व छत भस्मसात झाले, असे समजू. कुरतडलेल्या तारेची किंमत मिळणार नाही, कारण कुरतडणे ही विमित आपत्ती नाही. शॉर्ट सर्किटने बिघडलेल्या त्या विशिष्ट यंत्राची भरपाईही अपवादात मोडते. मात्र पसरलेल्या आगीने झालेले फर्निचर व छताचे नुकसान अग्निविम्याच्या कक्षेत येते. एकाच घटनेतील तीन नुकसानांचा असा वेगवेगळा विचार करावा लागतो. म्हणूनच दाव्याच्या अर्जात केवळ ‘उंदरामुळे नुकसान’ असे मोघम लिहिणे धोक्याचे आहे. घटनाक्रम जसा घडला तसा, तारीख-वेळेसह लिहिणे विमाधारकाच्या हिताचे असते.

पाळीव प्राणी : मालमत्ता आणि दायित्व

पाळीव प्राणी मालकाच्या ताब्यात व देखरेखीखाली असतो. त्याने सोफा फाडणे किंवा दार ओरखडणे ही अनपेक्षित आपत्ती नव्हे, तर प्राणी पाळण्याचा नेहमीचा खर्च मानला जातो. तथापि मांजराच्या धक्क्याने पेटता दिवा पडून घराला आग लागली, तर निकटतम कारण आग हेच ठरते. विमाधारकाचा साधा निष्काळजीपणा अग्निविम्याच्या दाव्याला सहसा बाधक ठरत नाही. हेतुपुरस्सर लावलेली आग मात्र दावा नष्ट करते.

दुसरा पैलू दायित्वाचा आहे. घरच्या कुत्र्याने शेजाऱ्याला चावा घेतला तर हानी स्वतःच्या मालमत्तेची नसून त्रयस्थ व्यक्तीची असते. तिची भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर येऊ शकते. ‘भारत गृह रक्षा’ हे मूलतः मालमत्तेचे विमापत्र असल्याने असे दायित्व त्यात येत नाही. त्यासाठी गृहस्थ संकुल विमापत्रातील सार्वजनिक दायित्वाचा विभाग किंवा श्वान विम्यातील त्रयस्थ दायित्वाची तरतूद पाहावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास संभवणारा धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेणे हा अपराध असून, त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा आर्थिक दायित्व उचलू शकतो. फौजदारी जबाबदारी नाही.

वन्य प्राणी : विमा आणि शासकीय साहाय्य

जुन्या प्रमाणित अग्निविम्यातील आघाताचे कलम या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. वाहनाच्या किंवा ‘प्राण्याच्या’ प्रत्यक्ष धडकेने झालेले नुकसान त्यात समाविष्ट होते. परंतु तो प्राणी विमाधारकाच्या, त्या जागेत राहणाऱ्याच्या किंवा कामावर असलेल्या त्यांच्या कर्मचाऱ्याच्या मालकीचा नसावा, अशी अट होती. स्वतःचा बैल भिंतीवर आदळला तर भरपाई नाही; रानातला हत्ती आदळला तर आहे. ताब्यातील जोखीम आणि ताब्याबाहेरील जोखीम यांतील भेद इतक्या नेमकेपणाने क्वचितच आढळतो. ‘भारत गृह रक्षा’मध्ये या आपत्तीची व्याख्या ‘कोणत्याही बाह्य भौतिक वस्तूचा आघात’ अशी व्यापक करण्यात आली असून, उदाहरणे वाहन, कोसळणारी झाडे, विमान व भिंत यांची दिली आहेत. प्राण्याचा नामोल्लेख उदाहरणांत नसल्याने वनक्षेत्रालगतच्या घरमालकाने विमा घेतानाच कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा, हे इष्ट.

आसाम, झारखंड, ओडिशा आणि केरळमधील वनालगतच्या वस्त्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेल्या हत्तींच्या कळपामुळे गडचिरोली जिल्ह्यातील गावांनाही त्याचा अनुभव आला आहे. अशा बहुसंख्य कुटुंबांकडे गृहविमा नसतो; त्यांचा आधार शासकीय साहाय्य हाच असतो. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये वन्य प्राण्यांच्या हल्ल्यातील मृत्यूसाठीचे सानुग्रह साहाय्य ५ लाखांवरून १० लाख रुपये केले. मालमत्ता व पिकांच्या हानीसाठी मात्र राज्यांचे स्वतःचे निकष लागू राहतात. सानुग्रह साहाय्य हा शासनाच्या धोरणाचा भाग असतो, तर विम्याची भरपाई हा करारातून मिळणारा हक्क असतो. हा फरक मुख्य परीक्षेच्या उत्तरात अवश्य नमूद करावा.

पीक विम्याशी तुलना

येथे एक स्वाभाविक प्रश्न उद्भवतो. घराच्या विम्यात कीड बाहेर ठेवली जाते, मग पीक विम्यात तिचा समावेश कसा? खरीप २०१६ पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उभ्या पिकावरील व्यापक कीड व रोगांचा प्रादुर्भाव समाविष्ट आहे. याचे कारण जोखमीच्या स्वरूपात आहे. टोळधाड किंवा विस्तृत क्षेत्रावर पसरलेली कीड एका शेतकऱ्याच्या दक्षतेने टळत नाही. भरपाई प्रामुख्याने संपूर्ण विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून ठरते, त्यामुळे एकट्याने हयगय केल्यास लाभ होत नाही आणि नैतिक जोखीम कमी राहते. शिवाय हप्त्याचा मोठा भाग शासन उचलते. शेतकऱ्याचा वाटा खरिपासाठी विमा रकमेच्या कमाल २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि वार्षिक व्यापारी व बागायती पिकांसाठी ५ टक्के इतका मर्यादित आहे. वन्य प्राण्यांकडून होणाऱ्या पीक हानीलाही खरीप २०२६ पासून स्थानिक जोखीम म्हणून संरक्षण देण्याचा निर्णय केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी ७२ तासांच्या आत हानीची सूचना देणे आवश्यक आहे. एखादी जोखीम कायमची ‘अविमायोग्य’ नसते. मोजण्याची पद्धत, सामूहिक सहभाग आणि अनुदान यांच्या बळावर तिची सीमा पुढे सरकविता येते.

प्रतिबंध आणि तक्रार निवारण

घरासाठी मात्र प्रतिबंध हाच खरा उपाय आहे. इमारतींतील वाळवी प्रतिबंधासाठी भारतीय मानक ब्युरोची आय. एस. ६३१३ ही संहिता असून, बांधकामाची रचना, बांधकामापूर्वीची रासायनिक प्रक्रिया आणि अस्तित्वातील इमारतींवरील प्रक्रिया असे तिचे तीन भाग आहेत. पायाभरणीच्या वेळी केलेली प्रक्रिया नंतरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

दावा अयोग्य रीतीने फेटाळला गेला असे वाटल्यास विमाधारकाने प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर २०१७ च्या नियमांखालील विमा लोकपालाकडे जावे. लोकपालाकडील तक्रारीस शुल्क नाही. नुकसान विमित आपत्तीने झाले हे दाखविण्याचा भार विमाधारकावर, तर ते अपवादात मोडते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. संदिग्ध शब्दाचा अर्थ तो लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध लावला जातो, हेही स्थापित तत्त्व आहे.

विम्याचा प्रसार केवळ विमापत्रांच्या संख्येने मोजता येणार नाही. काय मिळणार नाही हे ज्याला आधी माहीत असते, तोच उरलेल्या जोखमीची वेळेवर तजवीज करतो. अन्यथा वाळवीने पोखरलेले छप्पर कोसळल्यावर विमापत्र प्रथमच वाचण्याची वेळ येते.

सरावासाठी प्रश्न

१. विमायोग्य जोखमीच्या कसोट्या सांगून वाळवीमुळे होणारे घराचे नुकसान त्यांत का बसत नाही, ते स्पष्ट करा.
२. ‘निकटतम कारण’ या तत्त्वाचे विवेचन योग्य उदाहरणांसह करा.
३. मानव-वन्यजीव संघर्षातील हानीसाठी सानुग्रह साहाय्य आणि विमा यांची तुलना करा.